मायना आणि मजकूर यांच्यामधली रिकामी ओळ



दिवंगत गुरुजनांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यंदा संगणकशास्त्रातील एखादा विषय घ्यावा, अशी चालकांनी इच्छा दर्शविली. तेव्हा यंत्रांच्या नवलाईविषयी बोलण्यापेक्षा, ज्या कामाकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही आणि तरीही ज्याच्या बऱ्यावाईटपणावर सामान्य माणसाच्या कागदपत्रांची अब्रू अवलंबून असते, अशा एका कामाचा विचार आपल्यापुढे मांडावा, असे मी ठरविले. ते काम म्हणजे, तीस वर्षांपूर्वीच्या पद्धतीने लिहिलेल्या वेब-स्क्रिप्टा जे उत्तर बोलून दाखवितात, ते आजच्या सर्व्हरांना कळेल अशा साच्यात उतरवून घेणे. विषय कोरडा आहे आणि त्यातील पुष्कळसा भाग तांत्रिक आहे, हे मी जाणून आहे. परंतु ज्या मुलखात आपण बसलो आहोत त्याच्या दफ्तराचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगी या आपल्या गावाहून निघाले म्हणजे पुढे पैनगंगा लागते, आणि नदी ओलांडली की माहूरचा मुलूख. आज दोन्ही तीरांवर एकच राज्य आणि एकच महसुली कायदा आहे; परंतु १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी अलीकडचा तीर वऱ्हाडचा, म्हणून नागपूरच्या कारभारात, आणि पलीकडचा हैदराबाद संस्थानचा, म्हणून ज्या दरबाराची भाषा १८८४ पर्यंत फारसी आणि त्यानंतर उर्दू होती त्याच्या परंपरेतला. अलीकडे पेरेपत्रक, पलीकडे खासरा आणि पाहणीपत्रक. रकाने निराळे, संज्ञा निराळ्या, शेरे निराळे. जमीन तीच, कसणारा तोच, पण त्याच्या हक्काचे उत्तर दोन दफ्तरे दोन साच्यांत देत असत. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ साली मंजूर झाला, १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला, आणि अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ साली ठरले. तेव्हा राज्यातल्या नाना प्रकारच्या जुन्या कागदांतील मजकूर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन पत्रकांत आणून बसविण्यात आला, ज्यांना आपण एकत्र सातबारा म्हणतो. जुन्या दफ्तराचे उत्तर नव्या साच्यात घालण्याचे हे कार्य आपल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत शाईने आणि बोरूने झाले. आज तेच निराळ्या साधनांनी निराळ्या ठिकाणी चालले आहे.

आता मूळ वस्तूकडे येतो. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणनकेंद्रात वेब-सर्व्हर तयार करणाऱ्या मंडळींपुढे असा प्रश्न उभा राहिला की, सर्व्हर हा आयती पाने देण्यास समर्थ आहे खरा, परंतु अर्जदाराने विचारलेल्या प्रश्नाप्रमाणे जे पान त्याच क्षणी तयार करावे लागते ते कोणी तयार करावे? त्यांनी दिलेले उत्तर इतके साधे होते की त्या साधेपणामुळेच ते जगभर पसरले. सर्व्हरने एखाद्या बाहेरच्या प्रोग्रॅमला चालू करावे. अर्जाची हकीकत, म्हणजे विनंती कोणत्या प्रकारची, कोणत्या पत्त्याची, प्रश्नचिन्हानंतर काय लिहिले आहे, इत्यादी, ही त्याला परिसर-चलांच्या रूपाने कळवावी. आणि त्या प्रोग्रॅमने जे काही छापावे ते गोळा करून अर्जदाराच्या ब्राउझरकडे रवाना करावे. या कराराला सीजीआय हे नाव मिळाले. करार अनेक वर्षे बहुतांशी वहिवाटीने पाळला गेला आणि त्याचे रीतसर लेखी टिपण, आरएफसी ३८७५ या क्रमांकाने, ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे व्यवहार अगोदर आणि संहिता मागाहून, जसे आपल्याकडील पुष्कळ कायद्यांचे झाले आहे.

या स्क्रिप्टा बहुधा पर्ल भाषेत लिहीत. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लिंकन स्टाइन यांनी सीजीआय-डॉट-पीएम नावाचे जे साहाय्यक ग्रंथालय लिहिले, त्याच्या आधारावर विद्यापीठांचे निकाल, ग्रंथालयांच्या सूची, रेल्वेच्या चौकशा आणि संशोधकांची कोष्टके असा अफाट संसार उभा राहिला. आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. तेव्हा हीच पद्धत प्रचारात होती, आणि म्हणून आपल्याकडील पहिल्या पिढीच्या संकेतस्थळांवरही तिचीच छाप पडली.

अशा स्क्रिप्टेचे उत्तर प्रत्यक्षात कसे दिसते, हे थोडे जवळून पाहू. आरंभी एक-दोन ओळी येतात. त्यांत, पुढील मजकूर कोणत्या जातीचा आहे हे सांगणारी ‘कंटेंट-टाइप’ची ओळ असते, क्वचित ‘स्टेटस’ची ओळ असते, जीत ४०४ यासारखा अंक आणि त्याचा शाब्दिक अर्थ असतो, क्वचित अर्जदाराने दुसरीकडे जावे असे सांगणारी ‘लोकेशन’ची ओळ असते, आणि ओळख ठेवण्यासाठी दिलेल्या कुकींच्या ओळी असतात. या सर्व ओळींना हेडर म्हणतात. जुन्या पत्रव्यवहाराच्या परिभाषेत यांना मी मायना म्हणेन. त्यानंतर एक ओळ संपूर्ण रिकामी सुटते. तिच्यापुढे जे काही येईल तो सारा मजकूर. या रिकाम्या ओळीवर संपूर्ण कराराची भिस्त आहे. ती सुटली नाही तर मजकूर मायन्यात मिसळतो; ती लवकर सुटली तर मायन्यातील हुकूम अर्जदाराच्या डोळ्यांपुढे छापून येतात; आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्वतःच्या तपासासाठी एखादे वाक्य मायन्याच्याही आधी छापून ठेवले असेल, तर सर्व्हर ‘मॅलफॉर्म्ड हेडर फ्रॉम स्क्रिप्ट’ अशी नोंद आपल्या रोजनिशीत करून अर्जदाराला ५०० या क्रमांकाचा रोकडा नकार देतो. ज्यांनी त्या काळी काम केले त्यांना हे इंग्रजी वाक्य झोपेतही ऐकू येत असेल.

या पद्धतीचा दोष एकच, परंतु मोठा होता. प्रत्येक अर्जासाठी नवा प्रोग्रॅम उभा करावयाचा, त्याच्याकडून उत्तर घ्यावयाचे आणि त्याला निकालात काढावयाचे. अर्जदार वाढले की यंत्राची सारी शक्ती उभे करण्यात आणि निकालात काढण्यातच खर्ची पडे. म्हणून, प्रोग्रॅम एकदा उभा करून त्याला कायम कामावर ठेवावे आणि छापलेल्या अक्षरांच्या ओघाऐवजी त्याने सुघटित असे उत्तर हातात द्यावे, हा विचार बळावला. पायथॉन भाषेसाठी फिलिप एबी यांनी २००३ च्या अखेरीस डब्ल्यूएसजीआय हा करार मांडला. रूबीसाठी लीआ नॉइकिर्शेन यांनी २००७ मध्ये रॅक. आणि या दोहोंचा धडा घेऊन जपानी प्रोग्रॅमर तात्सुहिको मियागावा यांनी २००९ मध्ये पर्लसाठी पीएसजीआय. या शेवटच्या करारात उत्तर म्हणजे तीन घटकांची एक यादी: पहिला घटक अंक, दुसरा मायन्याच्या जोड्यांची यादी, तिसरा मजकूर. रिकामी ओळ गेली, आणि तिने जो विभाग सूचित केला होता तो आता यादीच्या घडणीतच बसला.

जुनी स्क्रिप्ट टाकून नवी लिहावी, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या स्क्रिप्टेत एखाद्या संस्थेचे वीस वर्षांचे नियम, अपवाद आणि तडजोडी साठून राहिल्या आहेत, जिचा लेखक केव्हाच नोकरी सोडून गेला आहे आणि जिचे टिपण कोणी लिहून ठेवलेले नाही, ती पुन्हा लिहिणे म्हणजे ते सारे नियम पुन्हा शोधून काढणे होय; आणि जे सापडत नाहीत ते नवी प्रणाली सुरू झाल्यानंतर लोकांच्या हालांतून सापडतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, जोवर जुनी स्क्रिप्ट खरे बोलते आहे तोवर तिला हात लावू नये. तिच्या आणि नव्या सर्व्हरच्या मध्ये एक दुभाषा उभा करावा, जो तिचे छापलेले उत्तर ऐकून घेईल आणि तीन घटकांत मांडून देईल. पीएसजीआयच्या जगात असे दुभाषे आरंभापासूनच तयार झाले, ही त्या करारामागच्या मंडळींची दूरदृष्टी होय.

हा दुभाषा काय करतो ते ऐकावे, कारण सगळी खुबी तपशिलात आहे. तो प्रथम स्क्रिप्टेचे छापणे सर्व्हरकडे न जाऊ देता आपल्यापाशी गोळा करतो. मग रिकाम्या ओळीपर्यंतचा मायना वेगळा काढतो. आणि येथेच पहिली अडचण येते, कारण ओळ संपल्याची खूण काही यंत्रांवर एका चिन्हाने होते आणि काहींवर दोन चिन्हांनी, आणि जुन्या स्क्रिप्टा यात मुळीच शिस्त पाळीत नसत. दोन्ही खुणा न ओळखणारा दुभाषा रिकामी ओळ पाहूनही ती पाहत नाही. त्यानंतर ‘स्टेटस’ची ओळ असेल तर तिच्यातील अंक तो पहिल्या घटकात नेतो आणि ती ओळ मायन्यातून काढून टाकतो. ओळ नसेल आणि ‘लोकेशन’ असेल तर ३०२ धरतो; काहीच नसेल तर २००, म्हणजे सर्व ठीक. शाब्दिक अर्थ मात्र या नव्या साच्यात कोठेच बसत नाही, आणि पुढे २०१५ साली आलेल्या एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीने तो मुळातूनच वगळला. तेव्हा ज्या कोणी स्क्रिप्टकाराने ४०४ पुढे ‘नॉट फाउंड’ न लिहिता स्वतःचा काही उपयुक्त खुलासा लिहिला असेल, त्याचे ते शब्द या मार्गात गळून पडतात.

‘लोकेशन’च्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. जुन्या करारात, या ओळीत पूर्ण पत्ता न देता केवळ तिरक्या रेघेने सुरू होणारा स्थानिक मार्ग दिलेला असेल, तर अर्जदाराला परत न पाठविता सर्व्हरनेच मुकाट्याने ते दुसरे पान आणून द्यावे, असे ठरलेले होते. दुभाषाने सरसकट ३०२ लावले तर अर्जदाराला एक जादा हेलपाटा पडतो आणि त्याच्या ब्राउझरात पत्ता बदललेला दिसतो. हेलपाटा तर हेलपाटा, असे म्हणून हे सोडून देता येईल. परंतु अर्ज भरून पाठविल्यानंतरच्या पानावर हे घडले म्हणजे, आपला अर्ज पोहोचला की नाही, अशी शंका अर्जदाराला येते आणि तो दुसऱ्यांदा पाठवितो. करारातील एका पोटकलमाकडे दुर्लक्ष झाले की एका माणसाचे दोन अर्ज कसे होतात, ते यावरून ध्यानात यावे.

कुकींचेही असेच. एकाच नावाच्या दोन ओळी मायन्यात येऊ शकतात आणि दोन्ही आवश्यक असतात. दुभाषाने नावावरून किंमत शोधण्याची सोय व्हावी म्हणून मायना कोशासारखा साठविला, तर दुसरी ओळ पहिलीला पुसून टाकते आणि कोठेही चूक झाल्याची वर्दी मिळत नाही. पीएसजीआयने मायन्यासाठी कोश न योजता जोड्यांची सरळ यादी योजली, ती या कारणाने. आणि या निवडीबद्दल मी त्या कर्त्यांना मनापासून धन्यवाद देतो, कारण सोय बाजूस ठेवून यथार्थता राखण्याचा निर्णय घाईच्या धंद्यात फार थोडे लोक घेतात.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. जुनी स्क्रिप्ट प्रत्येक अर्जानंतर निकालात निघत असल्याने तिच्या लेखकाचा गलथानपणा तिच्याबरोबरच नाहीसा होई: एखादे चल मोकळे करावयाचे राहिले तरी पुढच्या अर्जाला नवी, कोरी स्क्रिप्ट भेटे. तीच स्क्रिप्ट दुभाषामार्फत कायम कामावर ठेवली की पहिल्या अर्जदारासाठी भरलेले चल दुसऱ्याच्या वेळी भरलेलेच सापडते. समजा, एका खातेदाराने आपला खातेक्रमांक रकान्यात भरला आणि दुसऱ्याने तो रकाना रिकामा ठेवला; तर दुसऱ्याला पहिल्याचा खातेक्रमांक दिसावा, असा अनर्थ यातून संभवतो, आणि स्क्रिप्टेतील एक अक्षरही बदललेले नसते. म्हणून ज्या स्क्रिप्टेची आतून तपासणी झालेली नाही, तिला नवा साचा मिळाला तरी प्रत्येक अर्जासाठी नव्यानेच उभे करावे; वेग कमी झाला तर होऊ द्यावा. कामाच्या गतीसाठी दुसऱ्याचे खाते उघडे पडणे हा सौदा कोणत्याही कचेरीने पत्करू नये.

यानंतर मी जे सांगणार आहे ते विशेषतः मराठी लिहिणाऱ्यांच्या पदरी आलेले आहे, आणि इंग्रजी जाणणाऱ्या जगाने लिहिलेल्या दुभाषांत त्याची काळजी पुष्कळदा घेतलेली नसते. उत्तराच्या मायन्यात ‘कंटेंट-लेंग्थ’ म्हणून एक ओळ असते. पुढचा मजकूर किती लांब आहे हे ती सांगते, आणि ब्राउझर तेवढेच वाचून थांबतो. ही लांबी बाइटांत मोजावयाची असते. रोमन अक्षर एका बाइटात मावते, म्हणून इंग्रजी मजकुरात अक्षरे मोजली काय आणि बाइट मोजले काय, सारखेच; परंतु यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आता आपल्या गावाचेच नाव घ्या. फ, उकार, ल, स, काना, व, अनुस्वार, ग आणि दीर्घ वेलांटी: अशी फुलसावंगी या नावात नऊ चिन्हे आहेत, म्हणजे सत्तावीस बाइट. स्क्रिप्टकाराने किंवा दुभाषाने भाबडेपणाने चिन्हे मोजून लांबी नऊ लिहिली, तर ब्राउझर नऊ बाइट वाचून थांबेल, आणि नऊ बाइटांत तीनच चिन्हे येतात. पडद्यावर उमटेल ‘फुल’. गावाचा एक तृतीयांश भाग उरेल, आणि तो स्वतः एक अर्थपूर्ण शब्द असल्यामुळे पाहणाऱ्याला काही तुटल्याचा संशयही येणार नाही. शेवट अर्ध्या अक्षरात तुटला असता तर निदान चौकट किंवा प्रश्नचिन्ह दिसून कोणी तक्रार केली असती.

या संकटाच्या मुळाशी आणखी एक जुने संकट आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीला जागा मिळाली. तिची मांडणी भारतीयांनीच आधी ठरविलेल्या इस्की या संकेतावर आधारलेली होती, ज्याचे मानक त्याच वर्षी आयएस १३१९४ म्हणून जाहीर झाले, आणि ज्याच्या मागे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले जिस्टचे काम होते. परंतु सामान्य माणसाच्या संगणकावर युनिकोडातली मराठी नीट दिसू लागावयास पुष्कळ वर्षे गेली, आणि त्या मधल्या काळात मराठी वृत्तपत्रांनी, संस्थांनी आणि कचेऱ्यांनी ज्याच्या-त्याच्या फॉन्टात मजकूर लिहिला. फॉन्टात साठविलेला मजकूर म्हणजे वस्तुतः रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली देवनागरीची चित्रे. तो फॉन्ट यंत्रावर असला तर मराठी, नसला तर खडेमीठ उधळल्यासारखी निरर्थक चिन्हे. त्या काळातील स्क्रिप्टा अशा मजकुराचे उत्तर देताना मायन्यात संकेताचा उल्लेखच करीत नसत, आणि कोठे केलाच तर तो पश्चिम युरोपच्या लिपीचा असे. दुभाषाने असा मजकूर जसाच्या तसा पुढे धाडून मायन्यात मात्र ‘यूटीएफ-८’ लिहिले, तर त्याने खोटा दाखला दिला असे होते.

फॉन्टातील चित्रे युनिकोडात आणण्याचे कामही साधे नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी काढली जाते. फॉन्टवाल्यांनी कागदाचा क्रम धरला, युनिकोडने उच्चाराचा. रफार उच्चारात आधी आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्याचा क्रम याच्या उलट. म्हणून रूपांतर करणाऱ्याला प्रत्येक वेलांटी अक्षराच्या पलीकडे न्यावी लागते आणि प्रत्येक रफार अक्षरसमूहाच्या अलीकडे आणावा लागतो. मध्ये जोडाक्षर आले म्हणजे किती अलीकडे, हे ठरविण्यास मराठी वाचता यावे लागते, केवळ प्रोग्रॅम लिहिता येऊन भागत नाही. आणि मग आपल्या मराठीचा तो खास रकार, जो पापणीच्या केसासारखा व्यंजनाला बिलगतो. आचाऱ्याला दक्षिणा दिली आणि आचार्याला दक्षिणा दिली, ही दोन वाक्ये दोन निराळ्या माणसांविषयी आहेत. दऱ्या डोंगरांत असतात आणि दर्या मुंबईला. इतके कशाला, आपल्या प्रांताचे वऱ्हाड हे नावच या रकाराशिवाय लिहिता येत नाही. हिंदीच्या सोयीने तयार केलेल्या रूपांतरसाधनाने त्याचा रफार करून टाकला, तर प्रत्येक उताऱ्यावर, प्रत्येक दाखल्यावर आपला प्रांत अशुद्ध छापला जाईल. आणि ज्यांच्या आडनावात हा रकार आहे त्यांची नावे आधारकार्डाशी जुळेनाशी होतील. शोधपेटीत नाव घातले असता ते सापडत नाही, या तक्रारीच्या मुळाशी कित्येकदा हीच बाब असते.

आता, या सगळ्या बारकाव्यांतून जाताना दुभाषाच्या मनात एक मोह उत्पन्न होतो, आणि त्या मोहाविषयी मला आज विशेष बोलावयाचे आहे. जुन्या उत्तरात चुका असतात. एखाद्या ओळीत अपूर्णविरामाचे चिन्ह राहिलेले असते, एखादा अंक विसंगत असतो, एखाद्या नावाचे शुद्धलेखन उघड चुकलेले दिसते. वाटेत आहेच तर दुरुस्त करून टाकू, असे दुभाषाला वाटते. हे त्याने करू नये. आपल्या महसुली कायद्याच्या कलम १५५ ची योजना या संदर्भात मननीय आहे: अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार ते कलम देते, परंतु महसूल अधिकाऱ्याला स्वतःच्या तपासणीत चूक आढळली असेल तर संबंधित पक्षांना नोटीस देऊन, हरकती असल्यास त्यांचा निकाल लावल्याखेरीज ती दुरुस्ती करता येत नाही. चूक उघड असली तरी पुसण्याचा अधिकार एकट्याचा नाही, हे तत्त्व त्या कलमात आहे. दुभाषाने जे बदलले, जे गृहीत धरले आणि जे सोडून दिले, त्याची नोंद त्याच्या रोजनिशीत स्वच्छ असावी. २०० हा अंक स्क्रिप्टेने सांगितला की तिच्या मौनावरून धरला, एवढेही त्यात कळावे.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. महाराष्ट्राने हा अनुभव सार्वजनिक रीतीने घेतला आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरविले गेले तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीकृत यांत जागोजागी तफावत पडली: क्षेत्राचे दशांश सरकले, वारसांची नावे राहिली, फेरफाराचे क्रमांक चुकले. शासनाने २०१७ साली गावोगाव चावडीवाचन घेतले. संगणकातला उतारा खातेदारांपुढे मोठ्याने वाचावा आणि ज्याला तो आपल्या हस्तलिखिताशी जुळत नाही असे वाटेल त्याने तेथेच हरकत नोंदवावी, अशी ती रीत. त्यानंतर तलाठ्यांनी ज्याला ते रि-एडिट म्हणतात त्या सोयीने दुरुस्त्या केल्या, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे लोकांना मिळू लागले, ज्यांची एक प्रत आज पंधरा रुपयांत घरबसल्या निघते. त्या मोहिमेत उणिवा राहिल्या, काही ठिकाणी वाचन नावापुरते झाले. तरीसुद्धा यंत्राने केलेल्या रूपांतराची परीक्षा ज्याचे नाव त्यात आहे त्याच्या कानांवर सोपविण्याचा तो प्रयत्न मला या राज्याच्या प्रशासनातील एक थोर प्रयत्न वाटतो. जगातील मोठमोठ्या संगणकसंस्था जुन्या प्रणालींचे रूपांतर करतात, तेव्हा परीक्षा बहुधा त्यांचेच नोकर त्यांच्याच दालनात घेतात.

जुन्या कचेरीत नकलेच्या कागदावर दोन सह्या असत, एक नक्कल करणाऱ्याची आणि दुसरी रुजवात घेणाऱ्याची. एक कारकून मूळ वाची, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐके. ज्याने लिहिले त्यानेच ताडून पाहिले तर डोळा आपलीच चूक पुन्हा वाचतो, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते. सर्व्हरांच्या बाबतीतही हेच करता येते आणि ते मुळीच खर्चाचे नाही: जुनी स्क्रिप्ट जुन्या रीतीने आणि नवी दुभाषामार्फत, अशा दोन्ही काही काळ शेजारी-शेजारी चालवाव्यात, एकच अर्ज दोघींना द्यावा, आणि आलेल्या उत्तरांचा अंक, मायना आणि मजकूर बाइटागणिक ताडून पाहावा. तारीख-वेळ आणि कुकींचे आकडे स्वाभाविकच जुळणार नाहीत. त्यांखेरीज जे जुळत नाही त्यातले प्रत्येक अक्षर समजून घेतल्याशिवाय जुनी स्क्रिप्ट बंद करू नये. ताडून पाहणारा प्रोग्रॅम मात्र दुभाषा लिहिणाऱ्याने लिहू नये.

चालकांनी मला आणखी एक प्रश्न कळविला होता की, ज्या पतसंस्थांकडे, महाविद्यालयांकडे किंवा बाजारसमित्यांकडे अशा जुन्या प्रणाली असतील त्यांनी आज काय करावे. कारण सीजीआय-डॉट-पीएम हे ग्रंथालय २०१५ च्या ५.२२ या आवृत्तीपासून पर्लच्या मूळ संचातून वगळले गेले आहे, आणि नवे यंत्र आणले की जुनी स्क्रिप्ट अचानक बोलेनाशी होते. माझे सांगणे असे की, कंत्राटदाराला बोलाविण्याआधी जुन्या प्रणालीची उत्तरे जपून ठेवावीत. ती ब्राउझरातून छापलेली चित्रे नसावीत, तर मायन्यासह, रिकाम्या ओळीसह, जशी छापली गेली तशीच्या तशी फायलीत ठेवलेली असावीत. त्यांत यशस्वी अर्जांची जेवढी उत्तरे, तेवढीच नाकारलेल्या अर्जांची असावीत. रिकामा अर्ज पाठविला असता काय येते ते असावे. दोन कुकी देणारे पान असावे. दुसरीकडे धाडणारे पान असावे. आणि जेथे ऱ्हस्व वेलांटी, रफार, जोडाक्षर व वऱ्हाडातला तो रकार ही चारही येतील अशी पाच-पंचवीस खरी गावनावे असलेले एखादे पान अवश्य असावे. खातेदारांची नावे मात्र त्या नमुन्यांतून काढून टाकावीत. मूळ फॉन्टाची फाइल त्याच पेटीत ठेवावी, कारण तिच्यावाचून जुना मजकूर पुढे कोणालाही वाचता येणार नाही. या सामग्रीची एक प्रत संस्थेच्या कार्यवाहांपाशी आणि दुसरी संस्थेबाहेरच्या कोणा जबाबदार माणसापाशी असावी, आणि नवी प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी कंत्राटदाराने या नमुन्यांशी रुजवात घालून दिलीच पाहिजे, ही अट करारनाम्यात लिहून घ्यावी. कार्यवाहांना तांत्रिक ज्ञान नसले तरी चालेल. दोन कागद शेजारी ठेवून मराठी वाचता येणारा एक माणूस त्यांच्यापाशी असला म्हणजे झाले.